मेस्त्रींची बोटं

मेस्त्रींना इंजिन ऐकू येत नसे. डिझेल गाड्यांचे मेस्त्री म्हणून कुडाळपासून देवगडपर्यंत ज्यांचं नाव होतं, त्या माणसाचा उजवा कान पूर्ण गेलेला होता, आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचत असे; एरवी ते ओठांवरून ओळखत. अठरा वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेलवाल्याचं काम केलं होतं. तिथल्या धडधडीत कान ठेवून, उरलेलं शरीर घेऊन ते वालावलला परत आले आणि कुडाळच्या वाटेवर पत्र्याचं गॅरेज टाकून बसले. गाडी आली की ते बोनेट उघडत आणि चालत्या इंजिनच्या पाइपांवर एकेक बोट टेकवत. डॉक्टर नाडी बघतो तसं. मग म्हणत, "तिसरो नॉझल आळशी आसा." आणि तिसराच निघे.

माझ्या यजमानांची, म्हणजे दत्तारामांची, सहा चाकी गाडी होती. किनाऱ्यावरची मासळी बर्फात घालून घाटावर न्यायची. मासळीची निवड, बर्फ, खोके हे माझं खातं, गाडी त्यांचं. त्यामुळे गॅरेजमध्ये माझं काही काम नसायचं. पण गाडी उघडलेली असली की मी बाकावर बसून बघत राही. मेस्त्रींना ते आवडे. "बाय, माश्याचो कान बघून ताजो की शिळो सांगतंस मा तू? ह्या पण तसाच," असं ते मोठ्यांदा म्हणत. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्यांची कुजबुजसुद्धा रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाई.

त्यांचा एक नियम होता. त्यांच्या गॅरेजात तीनपेक्षा जास्त वेळा सेल्फ मारायचा नाही. गाडी तिसऱ्यांदाही चालू झाली नाही, तर चावी काढून त्यांच्या हातात द्यायची. उतावळे ड्रायव्हर चौथ्यांदा चावी फिरवत, तेव्हा मेस्त्री बोनेटवर थाप मारून त्यांना खाली उतरवत. "गाडी चालू होना नाय म्हणजे ती काय तरी सांगता हा. तू तिका बोलाक दी. तू मधीच कित्याक आराडतंस?"

दुसरी सवय तांब्याच्या वायसरांची. डिझेलचा पाइप जिथे जिथे बोल्टने जोडतात, तिथे तांब्याची चपटी चकती बसवतात, तिला सगळे वायसर म्हणतात. मेस्त्री जुना वायसर लगेच फेकत नसत. तो आगीवर लाल करत, पाण्यात बुडवून मऊ करत, काचेवर घासून सपाट करत आणि शेवटी डोळे मिटून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत. अंगठ्याला खाच लागली तर भंगारात, नाही तर गाडीला. बाकीचे मेस्त्री डोळ्यांनी बघत. हे म्हणत, "डोळे फसतत. अंगठो फसना नाय."

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. गणपती झाल्यावर आमच्या गाडीचा डिझेल पंप त्यांनी खोलला. टाकी उतरवून धुतली, सगळे पाइप काढून परत बसवले. गाडी घरी आली ती अगदी मऊ चालत होती. पण आठवडाभरात सकाळची कुरकुर सुरू झाली. आधी दोनदा सेल्फ मारावा लागे, मग पाचदा, मग आठदा. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. पण तासभर बंद ठेवली की पुन्हा तेच.

यजमान गॅरेजात गेले. मेस्त्रींनी पाइप चाचपले, म्हणाले बॅटरी बघ. बॅटरी चार्ज केली. फरक नाही. पुन्हा गेले. मेस्त्रींनी सगळ्या जोडांवरून फडकं फिरवून दाखवलं, फडकं कोरडं होतं. "खंय गळता सांग? एक थेंब नाय." तिसऱ्यांदा यजमान त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मेस्त्रीनू, लायनीत एअर धरता हा. टाकयेचा काम परत एकदा बघा." त्यावर मेस्त्री इतके तापले की मीही बाकावरून उठून उभी राहिले. "माज्या कामात एअर? तीस वर्सा झाली माका! तुज्या सेल्फान बॅटरीचा वाटोळा केलंस, ता बघ आधी." यजमान गाडी घेऊन घरी आले. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागलं. मेस्त्रींना असं वाकडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या किनाऱ्याला रापणीत बांगडा लागला. जाळं ओढता ओढता माणसांचे दंड भरून आले, इतका. आमच्या गावाला धक्का नाही. सुकतीला खाडीच्या तोंडाशी वाळू कडक होते, तेव्हा गाडी थेट खाली नेतात आणि भरती चढायच्या आत वर काढतात. दहाच्या सुमाराला यजमानांनी गाडी खाली नेली. तोंड गावाकडे, पाठ समुद्राकडे. माल जास्त होता, खोके भरायला वेळ लागला. डिझेल जळतंय म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. मी ओरडलेसुद्धा, "बंद कित्याक केल्यात?" ते म्हणाले, "अर्ध्या तासाचो प्रश्न."

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. सव्वाबाराला त्यांनी चावी फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन नाही. पुन्हा, पुन्हा. दहा वेळा, पंधरा वेळा. सेल्फचा आवाज जड होत होत शेवटी नुसता टक् असा वाजला. मी मागे वळून बघितलं. पाणी अजून लांब होतं, पण वळलं होतं. ओल्या वाळूवर पहिल्या पातळ लाटेची रेघ उमटली होती.

रापणीवरचा बाबल मोटारसायकल घेऊन मेस्त्रींना आणायला गेला. तोवर आम्ही खोके उतरवायला लागलो. अर्धी माणसं म्हणत होती दोर बांधून ओढूया. ओढून बघितलीही, भरलेली गाडी वीतभर हलली आणि मागची चाकं आणखी रुतली. दुसरी गाडी खाली आणायला कोणी तयार होईना, आणि त्यांचं चूक नव्हतं. यजमान स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते. ती गाडी म्हणजे आमचं सगळं घर होतं. खारं पाणी इंजिनात गेलं की गाडी उरत नाही, फक्त पत्रा उरतो.

मेस्त्री आले तेव्हा पाणी मागच्या चाकांपासून पंचवीस पावलांवर होतं. ते मोटारसायकलवरून उतरले, समुद्राकडे एकदा बघितलं आणि यजमानांना विचारलं, "किती सेल्फ मारलंस?"

"मोजूक नाय."

"उतर. मी सांगीसर चावयेक हात लावायचो नाय."

लोक चारी बाजूंनी सल्ले देत होते. त्यातलं त्यांना काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या दिवशी ते एक बरंच झालं. त्यांनी बाबलला ट्रॉलरवरची भरलेली बॅटरी आणायला पिटाळलं. आमच्या गाडीत इंजिनचं झाकण केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे होतं. ते काढून त्यांनी टाकीकडून येणारा पाइप सोडवला. मग स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन मागवला, त्यात रबरी नळी घातली आणि नळीचं दुसरं टोक थेट पंपाकडे जोडलं. टाकीचा संबंधच तोडला. मला म्हणाले, "बाय, ह्यो कॅन वर धर. डोक्याच्या वर. ह्याच्यावर गाडी चालू झाली तर दोष टाकयेच्या बाजूक. नाय झाली तर पंपात, आणि मगे देवाचो धावो करूचो."

मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करून ते हाताने पंपाचं बटण दाबत बसले. बोल्टाच्या फटीतून फेस आला. बुडबुडे, बुडबुडे, पुन्हा बुडबुडे. माझे हात भरून आले. बाहेर कोणीतरी ओरडलं, "पाणी टायराक लागला!" मी मेस्त्रींच्या तोंडाकडे बघितलं. ते शांतपणे बटण दाबत होते. त्यांना सांगावं की नाही ते मला कळेना. मी नाही सांगितलं.

शेवटी फेस संपला आणि फटीतून निखळ डिझेल आलं. त्यांनी बोल्ट आवळला. नवी बॅटरी जोडून झाली होती. यजमान सीटवर चढले. मेस्त्रींनी नॉझलांकडे जाणाऱ्या पाइपांवर बोटं ठेवली आणि मान हलवली. यजमानांनी चावी फिरवली. पाच सेकंद. बंद.

मेस्त्री तसेच बसून राहिले. त्यांनी बोटं उचलून पुन्हा ठेवली. "परत." पाच सेकंद. बंद. आणि मग मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती बघितली. पाण्याची नव्हे. पाणी त्यांच्या पाठीमागे होतं.

"बाय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर खाली आला होता, "कॅन खुटीयेक टांग. हकडे ये. तुजी बोटां हयसर ठेव."

मी बोटं ठेवली. लोखंडी पाइप गार होता. त्यांनी मान हलवली, सेल्फ फिरला. पहिल्या पाइपात काही नाही. दुसऱ्यात बारीक, आत कोणी टिचकी मारावी तसा ठोका. तिसऱ्यात तसाच. चौथ्यात नाही.

"काय लागता? खोटा सांगू नको."

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "दुसऱ्यात, तिसऱ्यात ठोको पडता. पयल्यात, चवथ्यात नाय."

त्यांनी पहिल्या आणि चौथ्या पाइपाच्या नट अर्धा अर्धा आटा सैल केले. पुन्हा सेल्फ. नटांच्या कडेने थुंकी उडावी तसा फेस उडाला, मग डिझेल. नट आवळले. "आता?" मी पुन्हा बोटं ठेवली. तोवर सेल्फ चारदा मारून झाला होता, आणि यजमानांनी आपणहून चावी सोडून मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री म्हणाले, "आज नियम ऱ्हवांदे. मार."

चारही पाइपांत ठोका लागला. मी ओरडायच्या आतच इंजिनने धूर सोडला, अडखळलं, आणि धरलं. मेस्त्रींना ते ऐकू आलं नाही. त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. लाट तेव्हा मागच्या चाकांच्या निम्म्यापर्यंत येत होती. चाळीसेक माणसं दोराला लागली, मी एका हाताने कॅन छताला लावून धरला, आणि गाडी वाळू उडवत, पहिल्या गिअरमध्ये किंचाळत वर चढली.

वर सुरूच्या झाडांखाली सगळे धापा टाकत उभे होते. आता गाडी वाचल्यावर बोलायला जोर आला. बाबल यजमानांना म्हणाला, "तुजीच चूक, दत्ता. वाळयेत कोण इंजिन बंद करता रे?" आणखी दोघांनी री ओढली. यजमान खाली मान घालून ऐकत होते.

मेस्त्री तोवर टाकीशी बसले होते. टाकीच्या डोक्यावरचा बोल्ट सोडवून त्यांनी आतला वायसर काढला, पुसला आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग उठून माझ्याजवळ आले आणि तो माझ्या तळव्यावर ठेवला. "फिरव." मी अंगठा फिरवला. एका जागी खाच होती. उडदाएवढी नव्हे, त्याहून बारीक. पण होती, लगेच लागत होती.

"आसा?"

मी मान हलवली.

"माका लागना नाय," ते म्हणाले.

मग ते लोकांकडे वळले. बहिऱ्या माणसाचा तो मोठा आवाज सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेला. "दत्ताक बोल लावू नका. चूक माजी आसा. हो वायसर मीच बसयलंय. टाकयेच्या वरचो जोड, तो बाहेर गळना नाय, आत वारो ओढता. गाडी उबी ऱ्हवली की डिझेल खाली उतारता आणि पायपात एअर भरता. दत्ता तीनदा माज्याकडे इलो. मी त्येका वाकडा बोललंय."

बाबलने विडी पेटवायला काडी काढली होती, ती तशीच हातात राहिली.

त्या दुपारी आमच्या पडवीत चहा घेताना त्यांनी उरलेलं सांगितलं. त्यांना साखरेचा आजार होता. पावसाच्या आधी करंगळी बधिर झाली, मग बाकीची बोटं, मग अंगठा. डॉक्टरने सांगितलं होतं, परत येणार नाही. "कोणाक सांगूक नाय. कान नाय होते ता लोकांनी चालवून घेतला. बोटांय गेली म्हटल्यावर गाडी कोण दितलो?" थोड्या वेळाने म्हणाले, "दत्ता एअर म्हणालो तेवाच माका कळलेला. म्हणान तर इतको राग इलो."

यजमानांनी त्यांच्यापुढे चकलीची बशी सरकवली. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नसावं.

मला वाटलं होतं, विषय तिथे संपला. चार दिवसांनी मेस्त्री वहीचं एक पान घेऊन आले. पावसापासून त्यांनी ज्यांच्या डिझेल लायनीचं काम केलं होतं त्या गाड्या. आमची सोडून आठ. "प्रत्येक जोड परत खोलूचो आसा. पाना मी चालवतंय, पण बोट तुजा होया. येशीत?" मी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा."

आम्ही एसटीने हिंडलो. मेस्त्री पुढे पिशवी घेऊन, मी मागे. प्रत्येक मालकापुढे उभं राहून ते तेच सांगत: माझ्या हाताला कळत नव्हतं, काम परत बघायचं आहे. कोणी हसले, कोणी चहा दिला. जामसंड्याचा आंबा वाहणारा मालक म्हणाला, "मेस्त्रीनू, गाडी माशेवालीकडून तपासून घेवची वेळ इली काय?" मेस्त्रींनी ओठांवरून ओळखलं आणि म्हणाले, "होय. इली." सात गाड्या ठीक निघाल्या. नवे वायसर तरीही घातले.

आठवी फोंडाघाटची. रोज घाट चढून कोल्हापूरला जाणारी. ड्रायव्हर सांगत होता, हल्ली सकाळी जरा त्रास देते, म्हणून जेवायला थांबलो तरी इंजिन चालू ठेवतो. चढणीला एकदोनदा दम सोडला, मग धरला. मेस्त्रींनी टाकीवरचा वायसर काढून माझ्या हातात दिला. मला अंगठा पुरता फिरवावासुद्धा लागला नाही.

मी खाच असल्याचं सांगितलं. ड्रायव्हरचा चेहरा बदलला. तो मेस्त्रींकडे बघून काहीतरी भराभर बोलला. मेस्त्रींना ओठ वाचता आले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणता तो?"

मला सांगायचं नव्हतं. त्यांनी डावा कान माझ्यापुढे केला आणि वाट बघत राहिले.

मी ओरडून सांगितलं, "तो म्हणता, घाटात माज्यावांगडा माजो पोरगो बसता. मधल्या चढणीर इंजिन बंद पडून गाडी मागे गेली असती तर?"

मेस्त्री गाडीच्या पायरीवर बसले. मग उठून त्यांनी त्या ड्रायव्हरपुढे हात जोडले. तो माणूस अवघडला, दोन पावलं मागे सरला, आणि शेवटी स्वतःच पाना घेऊन बोल्ट आवळायला वाकला.

मेस्त्रींनी त्याच महिन्यात गॅरेज बंद केलं. लोकांनी सांगून बघितलं, की नुसतं बसून सांगा, हात दुसरे चालवतील. ते नाही म्हणाले. पुढची तीन वर्षं ते वालावललाच होते. आम्ही जात असू. यजमान त्यांच्या कानाशी बसून गाडीच्या गोष्टी सांगत. पायाची जखम चिघळून ते गेले, तेव्हा आम्ही मासळी घेऊन घाटावर होतो. परत आलो तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. मी बाजारात सुरमई विकून घरी आले आणि खोका धुताना लक्षात आलं की तळाला बर्फच नव्हता. वरचे मासे चांगले होते, खालचे तीन नव्हते, आणि ते तिन्ही मी विकले होते. यजमान म्हणाले, गिऱ्हाईक काही बोललं तर बघू. मी पदर खोचला आणि निघाले. दोन घरी मासा अजून कापायचाच होता. तिसरं घर तिठ्यापलीकडे, त्या दिवशी तिथे पाव्हणे जेवायला होते. दारात पोचले तेव्हा आतून आमटीतल्या तिरफळांचा वास येत होता, पानं मांडलेली होती. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की मासा खाऊ नका, तो चांगला नाही, मला विकताना कळायला हवं होतं.

ती बाई हातात डाव धरून माझ्याकडे बघत राहिली. मग ती वळली, चुलीवरची कढई उतरवली आणि मागल्या दाराने बाहेर घेऊन गेली.